उकाड्यात हेल्मेट नको वाटतं, त्या दादांना

पत्र थोडक्यात: पस्तिशीतले एक वाचक लिहितात. नोकरी फिरतीची, बाइकवर रोजचे साठ-सत्तर किलोमीटर, दिवसात दहा-पंधरा ठिकाणी थांबावं लागतं. राहतात तिथे वर्षातले बरेच महिने उकाडा, काही आठवडे कोरडा कडक उन्हाळा आणि मग भरपूर पाऊस. एकदा दुपारी दीडच्या सुमाराला फुल फेस हेल्मेट घालून सिग्नलला उभे असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, कसेबसे गाडी बाजूला घेऊन बसले. तेव्हापासून हेल्मेट कोपरात अडकवलेलं असतं, पुढे पोलिस दिसले की डोक्यावर येतं, पट्टा लावत नाहीत. आता एक हलकं अर्धं हेल्मेट घेतलंय, 'नियमापुरतं'. फिरतीवर टॉयलेटची सोय नसते म्हणून पाणी कमीच पितात. जॅकेट, ग्लोव्ह्ज हे त्यांच्या मते थंड देशातल्या लोकांचे लाड. बायको यावरून रोज चिडते. आठ वर्षांची मुलगी कधीकधी मागे बसते, तिला हेल्मेट नाही. प्रश्न असा: "ताई, चक्कर येऊन पडण्यापेक्षा हेल्मेट न घातलेलं सेफ नाही का? माझं स्पीड कधी पन्नासच्या वर जात नाही. नियम अर्ध्या हेल्मेटने पाळला जातो तर बाकीचं कशाला?"

दादा,

अंधारी आली हे तुम्ही उगाच सांगत नाही आहात, आणि दमट हवेत डोक्यावर थर्माकोलचा जाड थर घेऊन फिरणं सुखाचं असतं असं मीही म्हणणार नाही, मी स्वतः गाडी चालवते, सिग्नलला उभं राहिल्यावर मानेवरून घामाची धार उतरते ती मलाही माहीत आहे. पण तुम्ही 'हेल्मेटमुळे चक्कर आली' हे धरूनच चाललाय आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे केलेत, तर आधी तेवढंच जरा तपासून बघू.

त्या दिवशी दुपारचा दीड वाजला होता. गाडी उभी होती म्हणजे वारा शून्य, खालून इंजिनची गरम हवा. आणि पाणी कमी पितो हे तुम्ही पत्रात मध्येच, सहज म्हणून लिहिलंय, पण मला विचाराल तर सगळ्या पत्रातली मोठी गोष्ट तीच आहे. उकाड्यात अंग गार ठेवायला शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, एका जागी बसून राहिलं की बरंचसं रक्त पायांत साठतं, त्यात पाणी कमी असेल तर बीपी खाली येतं आणि डोळ्यांपुढे काळं होतं. हे रांगेत उन्हात उभ्या असलेल्या बोडक्या डोक्याच्या माणसालाही होतं. मोठ्या माणसाच्या एकूण कातडीपैकी डोकं आणि मान मिळून साधारण नऊ टक्के भरते, भाजलेल्या पेशंटचा हिशोब करताना डॉक्टर हाच आकडा धरतात. म्हणजे हेल्मेट घातलं तरी उरलेलं नव्वद टक्क्यांच्या वर अंग घाम वाळवायला मोकळंच आहे. मग इतका त्रास का वाटतो, तर चेहरा आणि कपाळ उष्णतेला फार हळवे असतात, अंगाचं तापमान फारसं चढलेलं नसतानाही 'जीव गुदमरतोय' असं तिथून कळतं. हेल्मेटचा त्रास होतच नाही असं मी म्हणत नाहीये, होतो, पण तुम्हाला पाडायला निघालेलं ते एकटं नव्हतं.

म्हणून हेल्मेट काढून टाकलं तरी चक्कर येणारच नाही याची काही खात्री नाही. फक्त आता आली तर डोकं उघडं असेल.

एक काम मात्र टाळू नका, डॉक्टरांना ही घटना सांगा. बीपीची गोळी चालू असेल, सर्दी-ॲलर्जीची औषधं घेत असाल, शुगर असेल तर उकाडा जास्त बाधतो, आणि औषधाची वेळ किंवा मात्रा बदलून फरक पडू शकतो. ते ठरवणं माझं काम नाही, आणि हेल्मेटचंही नाही.

पाण्याचं म्हणाल तर एकदम बाटलीभर पिऊन टॉयलेट शोधत फिरण्यापेक्षा प्रत्येक थांब्यावर चार घोट हे जास्त चालतं, घामातच बरंच निघून जातं. खूप घाम गेला असेल त्या दिवशी एखादं ओआरएस. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, लक्ष लागेना झालं तर ती सावलीत थांबायची वेळ, 'एवढं एक काम उरकतो' ची नाही. सोबतच्या कुणाचं बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, अंग तापून निघालं तर मात्र वाट न बघता अंगावर पाणी ओता आणि थेट दवाखाना गाठा. आणखी एक, शरीराला उकाड्याची सवय व्हायला साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात, तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, रक्तातलं पाणी वाढतं. त्यामुळे ऋतू बदलताना किंवा सुट्टीवरून परत आल्यावर पहिले काही दिवस सगळंच असह्य वाटतं, त्या दिवसांत घेतलेला 'मला हेल्मेट झेपत नाही' हा निकाल कायमचा धरू नका.

आता तुमचं ते पन्नासचं स्पीड.

बाइकवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून दीड-पावणेदोन मीटरवर असतं. तिथून ते नुसतं खाली पडलं, गाडी उभी असताना पडलं, तरी रस्त्याला टेकताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. गाडी तीसने चालली होती की साठने याचा या आकड्याशी काही संबंध नाही, तो उंचीचा खेळ आहे. हेल्मेटच्या चाचण्याही याच हिशोबातल्या आहेत, अमेरिकेच्या डीओटी चाचणीत हेल्मेट सपाट लोखंडावर सेकंदाला सहा मीटर वेगाने आदळतात, म्हणजे ताशी साधारण बावीस किलोमीटर, आणि युरोपच्या ईसीई चाचणीत साडेसात मीटरने, म्हणजे ताशी सत्तावीस. लोकांना हे आकडे ऐकून वाटतं की हॅ, मग शंभरच्या स्पीडला काय उपयोग, पण बहुतेक पडण्यांमध्ये माणूस पुढे घसरत जातो आणि डोकं खाली आदळतं, त्या खालच्या आदळण्यासाठी हे आहे. भिंतीवर सरळ जाऊन आपटलात तर गोष्ट वेगळी. आणि तुम्हाला जिची भीती आहे ती सिग्नलला चक्कर येऊन पडण्याची गोष्ट, ती तर हेल्मेटचं अगदी हातखंडा काम आहे, उभ्या गाडीवरून डोकं फरशीवर.

आतला तो थर्माकोल दाबला जाऊन चुरडतो, तेवढ्या दोन-तीन सेंटिमीटरात डोकं थांबायला जरा जास्त वेळ मिळतो, बस, सगळी जादू एवढीच. बाहेरचं चकचकीत कवच जोर पसरवतं आणि टोकदार वस्तू आत येऊ देत नाही. म्हणून ज्या हेल्मेटच्या आत अंगठ्याने दाबल्यावर कापडामागे लगेच प्लॅस्टिक लागतं ते हेल्मेट नाही, टोपी आहे, आणि मला दाट शंका आहे की तुमचं ते 'नियमापुरतं' याच जातीतलं असावं. बघा दाबून.

नियमाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण नियम म्हणजे वरून लादलेली कटकट असं तुमच्या पत्रात जागोजागी दिसतंय. अरबस्तानातल्या मोहिमांमुळे गाजलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटरसायकल अपघातात डोक्याला मार लागून गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते, त्यांनी पुढे मोटरसायकलवरच्या सैनिकांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, तो १९४१ मध्ये छापून आला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सगळ्या जनतेसाठी सक्ती सगळ्यात आधी केली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने, १९६१ मध्ये. म्हणजे हा नियम ऑपरेशन टेबलवरून रस्त्यावर आलाय, पावती फाडणाऱ्यांनी शोधून काढलेला नाही.

'आमच्याकडच्या उकाड्यात हे शक्य नाही' याला उत्तर व्हिएतनामचं आहे. तिथला उकाडा आणि दमटपणा वेगळा सांगायला नको, गाड्या म्हणाल तर रस्ता दुचाकींनीच भरलेला. १५ डिसेंबर २००७ पासून तिथे सगळ्या रस्त्यांवर, चालवणारा आणि मागे बसणारा दोघांना सक्ती झाली आणि शहरांमधले रस्ते एका दिवसात बदलले, बहुतेक सगळी डोकी झाकली गेली. शरीर तेच, हवा तीच. त्याच्या काही वर्षं आधीपासून तिथे उष्ण हवामानासाठी म्हणून हलकी, जास्त भोकांची हेल्मेट बनवायलाही सुरुवात झाली होती. पण गंमत बघा, सक्ती झाल्यावर बाजारात पातळ टोपीसारख्या हेल्मेटांचा सुळसुळाट झाला, कारण लोकांनी डोकं वाचवायला नाही तर पावती वाचवायला खरेदी केली. तुमच्या कोपरातल्या हेल्मेटची गोष्ट तीच आहे की नाही?

जागतिक आरोग्य संघटना एखाद्या देशाचा हेल्मेट कायदा चांगला कधी म्हणते तर तो चालवणारा आणि मागचा दोघांना लागू असेल, सगळ्या रस्त्यांवर लागू असेल, छोट्या इंजिनच्या गाड्यांनाही लागू असेल, पट्टा बांधलाच पाहिजे असं त्यात म्हटलं असेल आणि हेल्मेट कुठल्या मानकाचं हवं हेही सांगितलं असेल. अनेक ठिकाणच्या कायद्यात यातलं काहीतरी सुटलेलं असतं, कुठे मागच्याला सूट, कुठे पट्ट्याचा उल्लेखच नाही. तुमच्याकडे काय सुटलंय ते बघा आणि तेवढं स्वतःच्या अंगाने भरून काढा, कायद्यात जागा सुटली म्हणून रस्ता मऊ होत नाही. २००८ साली कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, वेगवेगळ्या देशांतले साठेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब असा की हेल्मेटने अपघातात मरण्याचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट डोकं जमिनीला लागायच्या आधीच निघून दुसरीकडे गेलेलं असतं, ते या हिशोबात धरू नका.

मग तुम्ही नेमकं काय घालायचं? तुमची अडचण मला दोन भागांत दिसते, एक उकाडा आणि दुसरी ही की दिवसात पंधरा वेळा काढ-घाल करावी लागते, आणि खरं सांगू का, दुसरीनेच जास्त घात केलाय असं मला वाटतं. अर्ध्या हेल्मेटचा मोह त्यातूनच होतो. पण जर्मनीतल्या डिटमार ओटे यांनी अपघातातल्या हेल्मेटांवर मार नेमका कुठे कुठे बसला याची नोंद केली होती, त्यात साधारण एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागात निघाला. अर्ध्या हेल्मेटला तिथे काहीच नाही, कान झाकणाऱ्या पण हनुवटी उघडी ठेवणाऱ्या ओपन फेसलाही नाही. त्यामुळे फुल फेस उत्तमच, पण तुमच्यासारख्या फिरतीवाल्याला मी मॉड्युलर सुचवीन, ज्याचा हनुवटीचा भाग बटण दाबून वर जातो. थांबलात की वर, पाणी प्या, पत्ता विचारा, निघताना खाली. यात एक मेख आहे, काही मॉड्युलर हनुवटीच्या संरक्षणासाठी तपासलेलीच नसतात. ईसीई लेबलवर 'पी' (P) हे अक्षर म्हणजे हनुवटीचा भाग संरक्षण देतो, 'जे' (J) म्हणजे ओपन फेस म्हणून तपासलंय, 'एनपी' (NP) म्हणजे हनुवटीला संरक्षण नाही. 'पी' आणि 'जे' दोन्ही असेल तर उघड्या आणि बंद दोन्ही अवस्थांत पास झालेलं. तुमच्या देशाचं स्वतःचं मानक असेल तर तो शिक्का आधी बघा, कारण पोलिस आणि विमावाले तोच विचारणार, आणि सोबत ईसीई २२.०६, म्हणजे त्या युरोपीय मानकाची नवी आवृत्ती, असेल तर दुधात साखर, त्या नव्या चाचणीत तिरका मार बसल्यावर डोकं किती गरकन फिरतं तेही मोजतात, जे जुन्यात नव्हतं. नुसता चिकटवलेला स्टिकर बघून भुलू नका, आत पट्ट्यावर शिवलेलं लेबल शोधा.

मॉड्युलर जरा जड असतं, हे आहे. मानेला त्रास होत असेल तर हलकं फुल फेस घ्या ज्याला पुढे-मागे दोन्हीकडे हवेची भोकं आहेत, पुढून आत येणारी हवा मागून बाहेर जायला वाट नसेल तर ती भोकं शोभेची. सिग्नलला काच पूर्ण वर करा, उभं असताना बंद काचेच्या आत आपल्याच श्वासाची हवा थोडी साठते, ती लगेच निघून जाते. आणि समजा हे सगळं करूनही फुल फेस तुम्ही घालणारच नाही हे तुम्हाला स्वतःला पक्कं माहीत असेल तर मग मानकाचं ओपन फेस, लांब काचेचं, आणि पट्टा बांधून. ते दुसऱ्या नंबरचं आहे हे डोळे उघडे ठेवून घ्या. कोपरातल्या पहिल्या नंबरपेक्षा डोक्यावरचं दुसरं बरं. पट्ट्याला दात्यांची क्लिप असलेलं घ्या, ती एका हाताने लागते, दोन कड्यांतून पट्टा ओवायची डबल डी रिंग मजबूत खरी पण पंधरा वेळा ओवायचा कंटाळा आला की तुम्ही परत मूळ पदावर.

मापाचं बोलायचं राहिलं. सिग्नलला चक्कर आली म्हणता, तेव्हा कपाळावर आवळल्यासारखं होत होतं का? हेल्मेट काढल्यावर कपाळावर लाल वळ दिसतो का? मग माप नाही, आकार चुकलाय. काहींचं डोकं गोल असतं, काहींचं पुढे-मागे लांबट, लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं की कपाळ आणि मागची बाजू दाबली जाते आणि तासाभरात डोकं ठणकतं, आणि दोष उकाड्याला जातो. दुकानात घालून निदान पंधरा मिनिटं तसेच बसा, दुकानदार बघू दे काय बघायचं ते. गाल दाबले गेले पाहिजेत, हेल्मेट हलवलं की कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे, पट्टा बांधून कुणालातरी मागच्या कडेत बोटं घालून पुढच्या बाजूला ओढायला सांगा, निघून हातात आलं तर ते ठेवून द्या. 'जरा सैल घेऊ म्हणजे हवा खेळेल' हे करू नका, हवा खेळत नाही, हेल्मेट खेळतं.

रंग फिका घ्या. उन्हात कमी तापतं हे तर आहेच, पण न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला झालेल्या एका अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, काळ्या हेल्मेटवाल्यांपेक्षा पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना अपघातात इजा होण्याचा धोका २४ टक्के कमी दिसला, आणि चमकणारे किंवा भडक कपडे घालणाऱ्यांना ३७ टक्के कमी. लोकांना तुम्ही दिसता, एवढंच कारण. काळं मॅट हेल्मेट फोटोत छान येतं हे मान्य.

आता जॅकेट म्हणजे थंड देशातले लाड. इथे उकाडा दोन प्रकारचा असतो हे आधी लक्षात घ्या, तुम्हाला दोन्ही भोगावे लागतात. कोरड्या उन्हाळ्यात हवा पस्तीस अंशांच्या वर गेली की ती कातडीपेक्षा गरम असते, मग उघड्या हातांवर लागणारा वारा गार करत नाही, उलट उष्णता आत ढकलतो आणि घाम इतक्या लवकर उडवतो की पाणी संपत चाललंय हे कळतही नाही. अशा हवेत अंग झाकलेलंच बरं, पूर्ण बाह्या, मानेला ओला कपडा, हवा येण्याच्या वाटा थोड्या बंद. दमट उकाड्यात उलटं, हवा कातडीपेक्षा थोडी गार असते पण तिच्यात आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि गळलेला घाम काही गार करत नाही. एक लिटर घाम वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, ठिबकला तर जवळजवळ काहीच नाही. माठातलं पाणी कोरड्या उन्हाळ्यात गार होतं आणि पावसाळ्यात होत नाही, तेच आहे हे. म्हणून ते पाण्यात भिजवून घालायचे कूलिंग व्हेस्ट कोरड्या हवेत मस्त चालतात आणि दमट हवेत अंगावर ओलं पोतं होतं, जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

दमट हवेसाठी मेश जॅकेट, पुढून जाळी, मागूनही जाळी, आत घाम ओढून घेणारा पातळ टीशर्ट, जाड सुती नको. चालत्या गाडीवर मेशमधून इतकी हवा जाते की शर्टापेक्षा फार गरम वाटत नाही, उभं राहिलात की चेन उघडा. खांदा, कोपर, पाठ या जागी आर्मर, म्हणजे मार झेलणारे पॅड, हवेत. युरोपच्या मानकात कोपर-खांद्याच्या आर्मरला ईएन १६२१-१ आणि पाठीच्याला ईएन १६२१-२ लिहिलेलं असतं, लेव्हल दोन लेव्हल एकपेक्षा जास्त जोर शोषतं. उष्ण हवेत राहणाऱ्यांनी एक खूण खास बघावी, टी अधिक (T+). मऊ, मार लागला की घट्ट होणारं जे आर्मर असतं ते गरम झाल्यावर ढिलं पडू शकतं, टी अधिक म्हणजे ते चाळीस अंशांवर तपासून पास झालंय. ही चाचणी ऐच्छिक असते म्हणून सगळ्यांवर ही खूण नसते. आणि स्वस्त जॅकेटांमध्ये पाठीत नुसता फोमचा तुकडा असतो, तो काढून बघा, त्यावर काही छापलेलं नसेल तर तो जॅकेटला आकार यावा म्हणून आहे.

सगळं एकदम घ्यायची ऐपत किंवा इच्छा नसेल तर हेल्मेटनंतर माझ्या मते ग्लोव्ह्ज. पडताना माणूस हात पुढे टाकतोच, ते थांबवता येत नाही, आणि तळहात सोलले तर महिनाभर चमचाही धरता येत नाही. जाळीचे, तळहाताला चामडं असलेले घ्या, घामाने हँडल निसटतं तेही थांबतं. मग घोट्याच्या वर येणारे बूट. चपलेवर फिरतीची नोकरी करणाऱ्यांना काय सांगावं, पायाची बोटं आणि गिअर यांच्यामध्ये दोन पट्ट्या. पॅंट पूर्ण लांबीची, सायलेन्सरने पोटरीला चटका बसून पडलेले गोल डाग उष्ण प्रदेशात किती पायांवर दिसतात ते एकदा बघा. साधी जीन्स घसरताना फार टिकत नाही, पण पातळ नायलॉनची ट्रॅकपॅंट त्याहून वाईट, ती घर्षणाने वितळून जखमेत चिकटते.

पावसाचं थोडक्यात. उघडा घोंगड्यासारखा रेनकोट बाइकवर नको, वाऱ्याने फुगतो, चेनमध्ये किंवा चाकात जातो, दोन तुकड्यांचा घ्या. काचेवर वाफ धरते त्यासाठी आतून बसवायची पिनलॉकची काच मिळते, तुमच्या हेल्मेटला चालते का ते विकत घेतानाच विचारा. गडद काच रात्री आणि पावसात अजिबात नाही. कोरड्यानंतरच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, त्या दिवशी हळू, रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं टाळून.

केस गळतात हे तुम्ही लिहिलं नाहीत पण या विषयावरच्या पत्रांत ते हमखास असतं म्हणून सांगते, पुरुषांचं नेहमीचं टक्कल घराण्यातून येतं, हेल्मेटमधून नाही. कोंडा आणि खाज मात्र घामट पॅडिंगमुळे वाढू शकते. आत पातळ कापडी टोपी घाला, दोन ठेवा, दुपारी बदला. पॅडिंग निघत असेल तर आठवड्याला साध्या शॅम्पूने धुऊन सावलीत वाळवा. थर्माकोलला पेट्रोल, थिनर, कडक केमिकल लावू नका, ते त्याला खातात. हेल्मेट जोरात आदळलं की बदलायचं, वरून काही दिसत नसलं तरी, आणि नाही आदळलं तरी बहुतेक कंपन्या पाचेक वर्षांनी बदला म्हणतात, घाम आणि उन्हाच्या प्रदेशात ते मनावर घ्या.

वहिनींचं. त्या रोज चिडतात आणि तुम्ही रोज उकाड्याचं कारण देता, दोघांचंही खरं आहे म्हणून हे भांडण संपत नाही. त्यांना एवढंच सांगून बघा की मला त्या दिवशी भीती वाटली होती. पत्रात तुम्ही ते मला लिहिलंत, त्यांना बोललात असं कुठे दिसत नाही. मग हेल्मेट घ्यायला दोघं जा, ते मागून ओढून बघायचं काम त्यांना द्या, मनापासून ओढतील.

आणि मुलीचं हेल्मेट तुमच्या आधी, याच आठवड्यात. तुमचं जुनं तिला नको, मोठ्यांचं हेल्मेट लहान डोक्यावरून निघून जातं आणि वजन मानेवर येतं. भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजा, मुलांच्या मापाचं, मानकाचं, जमेल तितकं हलकं घ्या, 'वर्षभराने बसेल' म्हणून मोठं नको. पट्ट्याखाली एखाददुसरं बोट जाईल इतपत घट्ट. तिचे पाय मागच्या फूटरेस्टवर पूर्ण टेकतात का तेही बसवून बघा, टेकत नसतील तर टेकेपर्यंत तिला बाइकवर नेऊ नका, बस आहे, रिक्षा आहे. टेकत असतील तर रंग तिला निवडू द्या, पांढरा, पिवळा, केशरी, यातला कुठलाही.